नजरेचा कोन : मारामारी पोस्टरवर नसतेच

गेल्या अंकात मी जाता जाता लिहिलं होतं, की सिनेमाच्या पोस्टरबद्दल काही विचारायचं असेल तर विचारा. पत्रांची थप्पी आली आणि त्यात कौटुंबिक चित्रपट, विनोदी चित्रपट यांना कुणी विचारेना. सगळ्यांना कोयता, धूर आणि ठिणग्यांबद्दल बोलायचंय. बोलू या. ठाणे-नवी मुंबईतली पाच पत्रं निवडली आहेत. दोघांनी नाव छापू नका असं कळवलंय, म्हणून कुणाचंच छापत नाही.

प्रश्न : मी मास मीडियाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ‘एका ॲक्शन चित्रपटाच्या पोस्टरचं दृश्य-विश्लेषण करा’ अशी असाइनमेंट आहे. घोडबंदर रोडवरच्या बसथांब्यावर लागलेलं पोस्टर मी घेतलं. नायक पाठमोरा उभा आहे, उजव्या हातात कोयता. समोर लांबवर गुंडांची रांग, आभाळात ठिणग्या, खाली लाल अक्षरांत नाव. मी लिहिलं, ‘पोस्टर लक्षवेधी आहे, लाल रंग धोका दर्शवतो, नायक शूर वाटतो.’ सर म्हणाले, ‘हे पोस्टर न बघताही लिहिता आलं असतं.’ मग बघायचं तरी काय? – विद्यार्थिनी, कळवा

उत्तर : तुमच्या सरांना माझा नमस्कार सांगा.

पहिल्यांदा पोस्टरसमोर उभं राहून डोळे किलकिले करा, पापण्या जवळजवळ मिटेपर्यंत. चेहरे, अक्षरं, ठिणग्या सगळं विरघळतं आणि उजेड-काळोखाचे दोन-चार ठोकळे उरतात. तुमच्या पोस्टरात बहुतेक मधोमध एक उभा काळा ठोकळा, त्याच्या मागे उजळ पट्टा आणि खाली पुन्हा काळं, एवढंच उरेल. डिझायनरने सुरुवातीला पेन्सिलीने काढलेलं असतं ते हेच, बाकीचं सगळं त्यावर नंतर चढतं. आणि टीएमटीच्या खिडकीत बसून थांब्यावरून पुढे जाणाऱ्या माणसालाही यापेक्षा जास्त काही दिसत नाही. म्हणून विश्लेषण इथून सुरू करा.

मग क्षितिज शोधा. सपाट जमिनीवर उभ्या असलेल्या, साधारण सारख्या उंचीच्या माणसांना क्षितिजरेषा एकाच ठिकाणी कापते आणि ते ठिकाण म्हणजे कॅमेऱ्याची उंची. नायकाला ती गुडघ्यापाशी कापत असेल तर कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर होता, आणि तसं असेल तर लांबच्या गुंडांनाही तिने गुडघ्यापाशीच कापायला हवं. तुमच्या पोस्टरात ती गुंडांच्या डोक्यांवरून जाते का, ते बघा. जात असेल तर नायक एका फोटोतला आणि टोळी दुसऱ्या. नायकाला खालून टिपलंय, टोळीला वरून. जवळजवळ सगळ्या मोठ्या पोस्टरांत हा प्रकार असतो आणि त्याला मी लबाडी म्हणणार नाही. एकाच चौकटीत दोन कॅमेरे ठेवून एकाला थोर केलंय आणि बाकीच्यांना किडामुंगी. ‘नायक शूर वाटतो’ हे तुमचं वाक्य, त्याचा पुरावा हा घ्या.

आता तो पाठमोरा का? तो आपल्याकडे तोंड करून कोयता धरून उभा असता तर त्याच्या समोर कोण असतं? आपण. पाठमोरा केल्याबरोबर आपण त्याच्या मागे येतो, त्याच्या बाजूचे होतो, तो बघतोय तेच बघायला लागतो. खलनायकाचं पोस्टर काढायचं झालं की तोच माणूस वळवतात आणि नजर थेट लेन्समध्ये. पाठमोरेपणाचं एक व्यवहारी कारणही असतं : नट इतका मोठा आहे, की खांदे आणि चालण्याची ढब पुरते. नवख्या नटाला पाठमोरं करायला निर्माता कधी तयार होणार नाही. त्याने चेहऱ्याचे पैसे मोजलेले असतात.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट. कोयता वर उगारलेला आहे का खाली लोंबतोय? तुम्ही ‘हातात कोयता’ एवढंच लिहिलंय, पण माझी पैज, की तो खाली असणार, मांडीशेजारी. चांगल्या ॲक्शन पोस्टरवर ॲक्शन नसतेच. असतो तो मारामारीच्या आधीचा श्वास, नाहीतर मारामारी संपल्यानंतरची धूळ. पडद्यावर ठोसा भारी दिसतो, कारण तो सुरू होतो आणि संपतो. कागदावर गोठवलेला ठोसा म्हणजे हवेत अडकलेला हात. त्यात पुढे काय होणार हा प्रश्नच उरत नाही, आणि प्रश्न उरला नाही तर तिकीट कशाला काढायचं?

१९७५ च्या ‘जॉज’चं पोस्टर मोबाइलवर काढून बघा. रॉजर कॅस्टेल यांचं चित्र. वर पाण्यावर पोहणारी बाई, खालून तिच्याकडे सरळ वर येणारा प्रचंड शार्क, दातांसकट. रक्ताचा थेंब नाही. तिला काही माहीत नाही, आपल्याला माहीत आहे, आणि तिच्या पोटापासून शार्कच्या नाकापर्यंत जे पाणी आहे त्यात सगळं भय साठलंय. ते पाणी कमी केलं असतं तर चित्र बिघडलं असतं. तुमच्या पोस्टरात नायक आणि रांग यांच्यामध्ये मोकळी जमीन असेल. ती किती आहे ते पट्टीने मोजा, तिथे काय ठेवलंय आणि काय मुद्दाम ठेवलेलं नाही ते लिहा. अर्धी असाइनमेंट तिथेच होईल.

कधीकधी त्या जागेत माणसाऐवजी वस्तू असते. ‘डाय हार्ड’च्या (१९८८) गाजलेल्या पोस्टरात ब्रूस विलिसचा चेहरा कडेला अर्धा कापलाय आणि बरीचशी जागा एका उंच इमारतीने घेतलीय. गोष्ट त्या इमारतीत घडते. चेहरा पूर्ण दाखवला असता तर इमारत मागचा पडदा झाली असती.

उजेडाबद्दल थोडक्यात. तो गुंडांच्या बाजूने येतोय, म्हणून नायकाच्या खांद्यांना, कानाला आणि कोयत्याच्या धारेला उजळ कड आली असेल. नसेल तर का नाही, हे विचारा. ठिणग्यांनाही विचारा : आग कुठेय? बऱ्याच पोस्टरांत आग नसतेच, ठिणग्या मात्र मुबलक. त्यांची खरी कामं दोन. रिकाम्या काळोखात हालचाल आणणं, आणि नायकाचं कटआउट मागच्या आभाळाला जिथे चिकटवलंय तो सांधा झाकणं. केसांच्या कडेला ठिणग्यांची दाटी दिसली तर समजा, तिथे कात्री नीट चालली नव्हती.

आणि लाल. लाल म्हणजे धोका हे सिग्नललाही माहीत आहे. तुम्ही लिहायचं ते असं : लाल फक्त नावात आहे का? की कोयत्याच्या टोकावर, मनगटाच्या दोऱ्यात, एखाद्या गुंडाच्या शर्टातही आहे? दोन ठिकाणी असेल तर नजर त्या दोन ठिकाणांमध्ये येरझाऱ्या घालते, म्हणजे नाव आणि हत्यार एका दोरीत बांधले गेले. फक्त नावात असेल तर डिझायनरने नजर खाली उतरवण्यासाठी तो वापरलाय. प्रत्येक विधानाला पोस्टरवरची एक जागा बोटाने दाखवता आली पाहिजे. नाही दाखवता आली तर ते वाक्य काढा, सर खूश होतील.

प्रश्न : सगळी ॲक्शन पोस्टरं निळी आणि केशरी का असतात? सीवूड्सच्या मॉलमध्ये मल्टिप्लेक्सबाहेर ओळीने लागलेली पोस्टरं बघून माझा दहावीतला मुलगा म्हणाला, ‘बाबा, हे सगळे एकाच पिक्चरचे भाग आहेत.’ – एक वाचक, नेरूळ

उत्तर : मुलाची नजर चांगली आहे, त्याला दहावीनंतर सायन्सलाच घालायचा हट्ट धरू नका.

कारण अगदी साधं आहे. माणसाची कातडी गोरी असो, सावळी असो की काळी, तिचा रंग लाल आणि पिवळ्याच्या मधल्या टापूत, म्हणजे केशरीच्या आसपास पडतो. बदलतो तो गडदपणा. रंगचक्रावर केशरीच्या समोर निळा, निळा-हिरवा येतो. समोरासमोरचे रंग शेजारी ठेवले की दोघेही उठून दिसतात. म्हणजे पार्श्वभूमी निळसर केली की चेहरा फुकटात पुढे येतो. त्यात ॲक्शन चित्रपटाला आग, स्फोट, संध्याकाळचं आभाळ लागतंच, ते आयतं केशरी. आणि पोलाद, पाऊस, रात्र हे आयतं निळं. २००० नंतर चित्रपटाचे रंग संगणकावर बसून हवे तसे फिरवता यायला लागले, तेव्हा पडदाही तसाच झाला आणि पोस्टरं त्याच्या मागून गेली.

युक्ती वाईट नाही, आळस वाईट आहे. मुलाला एक खेळ सांगा. पोस्टरचा फोटो काढून मोबाइलमध्ये तो कृष्णधवल करायचा. तरीही नायक मागच्या गर्दीतून सुटून उभा राहिला तर मांडणी पक्की आहे, रंग वरचा साज. रंग काढताच चेहरा आणि धूर एकच करडा लगदा झाला तर त्या निळ्या-केशरीने सगळं झाकलं होतं. मॉलमधल्या ओळीवर हा प्रयोग केलात तर बरेच हिरो धुरात जातील.

प्रश्न : आमच्या गोविंदा पथकाचा बॅनर या वर्षी साउथच्या ॲक्शन पिक्चरसारखा करायचा ठरला. पोरांनी आग, वीज, गरुड, सगळं टाकलं. वर नेत्यांचे फोटो, मध्ये अध्यक्ष गॉगल लावून, खाली कार्यकर्ते. पण पिक्चरचा फील येत नाही. काय चुकतंय? – पथकाचे एक सदस्य, वागळे इस्टेट

उत्तर : तुम्ही सोबत पाठवलेला नमुना पाहिला. सकाळच्या कर्जत फास्टमध्ये असतात तितकी माणसं त्यात आहेत आणि सगळी दारात उभी आहेत.

पिक्चरचा फील एका मुख्य माणसाने येतो. तुमच्या बॅनरवर वरचे नेते, अध्यक्ष आणि गरुड या तिघांचं माप जवळपास सारखं आहे, नजर कुणाकडे आधी जावी हे कुणी ठरवलेलं नाही. मला माहीत आहे, कार्यकर्त्याचा फोटो गाळला तर पुढच्या सोमवारी तो पथकात नसतो. म्हणून दोन वेगळे फ्लेक्स करा. एक फोटोंचा, तो मंडपाच्या आत लावा. माणसं जवळ उभी राहून आपापला चेहरा शोधतात, तिथे तो शोभतो. दुसरा रस्त्यावरचा, त्यात एकच गोष्ट.

ती एकच गोष्ट कोणती? अध्यक्षांची क्षमा मागून सांगते, ते नव्हेत. तुमच्याकडे जगातलं सगळ्यात चांगलं ॲक्शन दृश्य आहे आणि तुम्ही ते कोपऱ्यात तळहाताएवढं लावलंय : थर. शेवटचा गोविंदा वरच्या थरावर उभा राहतोय, हात वर, हंडी अजून वीतभर लांब. हंडी फुटल्याचा फोटो घेऊ नका. फुटली की संपलं, पाण्याने सगळे चेहरे धुवून निघतात. आणि फोटो खालच्या थरातल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढा, त्याच्या खांद्यावरचे पाय पुढे आले पाहिजेत, वरचा पोर लहान आणि उंच. खालच्या माणसाच्या मानेच्या ताणलेल्या शिरा दिसल्या तर गरुडाची गरज लागणार नाही.

फोटोंबद्दल. सगळ्यांचे चेहरे वेगवेगळ्या उजेडातले आहेत. अध्यक्षांवर डावीकडून ऊन, शेजारच्यावर समोरून फ्लॅश, तिसरा ट्यूबलाइटखाली हिरवा. मागे वीज कितीही कडाडली तरी हे एका जागी उभे आहेत असं वाटणार नाही. एका संध्याकाळी सगळ्यांना एकाच भिंतीशी, एकाच बाजूच्या उजेडात उभं करा आणि फोटो काढा. खर्च शून्य. ते फोटो व्हॉट्सॲपवर नुसते पाठवलेत तर दाबले जाऊन येतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. काळ्या रंगाचंही छापणाऱ्याला सांगून ठेवा. नुसत्या काळ्या शाईचा काळा मोठ्या जागेवर करडा, धुतल्यासारखा पडतो. त्यात थोडी निळी शाई मिसळली की रात्र रात्रीसारखी दिसते.

अक्षरांचा ढोबळ हिशेब असा, की १० फुटांवरून आरामात वाचायला साधारण १ इंच उंचीचं अक्षर लागतं. रस्त्यापलीकडून, १०० फुटांवरून वाचायचं तर १० इंच. आता तुमच्या ‘सौजन्य’ खालच्या ओळी मोजा. आणि बॅनर लावायची पालिकेची परवानगी घ्या, नाहीतर एवढी मेहनत दुसऱ्या दिवशी गाडीत घालून नेतील.

प्रश्न : हातानं रंगवलेल्या पोस्टरात जीव होता, आताची संगणकावरची मेलेली वाटतात. आमच्या पिढीचं हे नुसतं हळवेपण आहे का? – एक निवृत्त वाचक, वाशी

उत्तर : निम्मं हळवेपण, निम्मं खरं.

खरं निम्मं आधी. दिवाकर करकरे यांची सत्तरच्या दशकातली कामं बघा, ‘दीवार’ (१९७५) त्यातलंच. रंग ब्रशने न लावता सुरीने थापायची त्यांची पद्धत प्रसिद्ध आहे. गालाचा उतार सुरीच्या एका फटकाऱ्यात येतो, त्याची कड तशीच धारदार राहते. चेहऱ्याच्या सावलीत जांभळा, कपाळावर हिरवा. फोटोत असा रंग कधीच येणार नाही, पण रागावलेल्या माणसाचा चेहरा म्हणून तो चटकन पटतो. ज्या चेहऱ्यावर मारामारी व्हायची आहे त्यावर चित्रकार आधीच मारामारी करून ठेवायचा, असं म्हणा हवं तर. आज हे संगणकावर करता येत नाही असं अजिबात नाही. करू देत नाहीत. नटाची मंडळी येतात आणि म्हणतात, चेहरा स्वच्छ हवा. मग प्रत्येक छिद्र बुजवलेला, मेणासारखा चेहरा आगीतून चालत येतो.

हळवं निम्मं असं, की तेव्हा सुमार पोस्टरंही ढिगाने रंगवली जात होती. नायिकेचं डोकं एका मापाचं, मान दुसऱ्या. ती कुणी जपली नाहीत, आपल्या आठवणीत फक्त चांगली उरली.

तुम्हाला वेळ आहे तर पेडर रोडला गुलशन महलमध्ये जाऊन या, राष्ट्रीय भारतीय चित्रपट संग्रहालय २०१९ पासून तिथे आहे. आपल्याकडच्या या कलेचं मूळ तर कोल्हापुरात : बाबूराव पेंटर स्वतःच्या चित्रपटांची पोस्टरं स्वतः करायचे, त्यांच्या ‘कल्याण खजिना’चं १९२४ चं पोस्टर आजही उपलब्ध आहे. एम. एफ. हुसेन यांनी मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवून दिवस काढले, तेही तुमच्या ओळखीचं असेलच.

प्रश्न : आम्ही मित्रांनी ‘खिंडीत’ नावाची ॲक्शन शॉर्ट फिल्म केली आहे. पोस्टरसाठी दमदार मराठी फॉन्ट सुचवा. आणि पोस्टरच्या तळाशी ती उंच, बारीक, न वाचता येणारी अक्षरं असतात ती टाकावीत का? – ऐरोलीचे चौघे

उत्तर : दुसऱ्याचं आधी. ती अक्षरं बारीक का? हॉलिवूडमध्ये कुणाचं नाव शीर्षकाच्या किती टक्के मापाचं छापायचं हे करारात असतं आणि माप धरतात ते अक्षराच्या उंचीचं. म्हणून डिझायनरांनी अक्षरं उंच ठेवली आणि रुंदी चिमटली. करारही पाळला, जागाही वाचली. तुमचा चौघांत करार नाही. नावं सरळ, वाचता येतील अशी टाका.

फॉन्ट मी सुचवणार नाही. इंग्रजी पोस्टरांची एक सोय असते, सगळी अक्षरं कॅपिटल केली की सपाट पट्टी तयार होते. १९८९ मध्ये अडोबी या सॉफ्टवेअर कंपनीसाठी कॅरल ट्वॉम्ब्ली यांनी रोममधल्या सम्राट ट्रेजनच्या स्तंभावरच्या कोरीव अक्षरांवरून ‘ट्रेजन’ हा फॉन्ट बेतला, तो कित्येक पोस्टरांवर बसला, कारण त्यात फक्त कॅपिटलच होती. देवनागरीला वर वेलांट्या, खाली उकार. त्यांना दाबून पट्टीत बसवायला गेलात की अक्षर गुदमरतं. आणि अनुस्वाराच्या जागी गोळीचं भोक हा विनोद आता कुणी करू नये, हात जोडून विनंती.

उलट तुमचं नाव हाताने कागदावर मोठं लिहून बघा. पहिल्या ‘खि’चा काना डावीकडे उभा, ‘डी’चा उजवीकडे. दोघांच्या वेलांट्या एकमेकींकडे झुकलेल्या आणि मध्ये अनुस्वाराचा एकटा ठिपका सापडलाय. अख्खी गोष्ट तुमच्या नावातच उभी आहे. ते दोन काने वाजवीपेक्षा उंच करा, कातळासारखे खडबडीत. ‘शोले’ची (१९७५) दगडातून फोडून काढल्यासारखी अक्षरं आठवा. शिरोरेषा ‘ख’ आणि ‘ड’च्या मध्ये तोडा. ‘त’ला या भानगडीत ओढू नका, तो साधाच राहू दे. ठिपका पांढरा, बाकी सगळं काळपट.

नाटकांच्या जाहिरातींसाठी कमल शेडगे यांनी केलेली शीर्षकं मिळतील तितकी बघा. ती अक्षरं एकेका नाटकासाठी बसून काढलेली आहेत. जाड टोकाचं मार्कर पेन, पांढरा कागद, दुपारच्या उजेडात मोबाइलने सरळ वरून फोटो. कागदाच्या कडा चौकटीला समांतर ठेवा, नाहीतर काने तिरके येतील. नायकाला पोस्टरवर कुठे उभं करायचं ते मग ठरवा, आणि त्याच्या हातातली बंदूक खाली.